युनिक्स मशीनचे लॉग एका जागी आणायचे आहेत. यूडीपी की टीसीपी?

रातपाळी (सोम, २३:४२)

राम राम मंडळी. तांत्रिक विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एका पतसंस्थेचा पसारा माझ्याकडे आहे. मुख्य ऑफिसात लिनक्सची सात मशीन (पाच डेबियन, आवृत्ती ११, आणि कोणी हात लावायला धजत नाही अशी दोन सेंटओएस), फायरवॉल म्हणून एक फ्रीबीएसडी, शाखांमध्ये राउटर. मागच्या पंधरवड्यात एका वेब सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलं. शिरलं एवढं कळलं, पण कधी आणि कुठून ते कळेना, कारण ऑथ.लॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) शून्य बाइट. फाइल जागेवर, आत काही नाही. ज्याने कुलूप फोडलं त्यानेच सीसीटीव्हीची फीत नेली.

आता ऑडिटर मागे लागलेत की सगळे लॉग वेगळ्या मशीनवर पाठवा आणि १८० दिवस ठेवा. आरसिसलॉगमध्ये (लॉग गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम) एक @ लिहिला की यूडीपी (पॅकेट सोडून मोकळं व्हायचं), दोन लिहिले की टीसीपी (आधी जोडणी, मग पाठवणं), इतपत वाचून झालंय. सहकाऱ्याचं म्हणणं, यूडीपीत पॅकेट गळतात, सरळ दोन @ टाक आणि झोप. खरंच एवढं सोपं आहे, की यात काही मेख आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोरकूट (मंगळ, ००:१०)

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडेही हेच दळण सुरू आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत बसतोय.

तळमजला (मंगळ, ०८:५५)

यात चर्चा करण्यासारखं काय आहे? टीसीपी. यूडीपीवर पाठवलेला मेसेज पोचला का, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. शिवाय कोणीही उठून खोट्या पत्त्यावरून पॅकेट सोडू शकतो. २०२५ नंतरही कोणी लॉगसाठी यूडीपी वापरत असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार.

मूळपुरुष (मंगळ, १०:२०)

मेख आहे, आणि चांगली लांबलचक आहे. पण रातपाळी, आधी एक सांगा. त्या डेबियनवर जर्नल बघितलंत का? डेबियन ११ पासून जर्नलडी (लॉग ठेवणारा सिस्टिमचा स्वतःचा प्रोग्राम) आपल्या नोंदी डिस्कवर ठेवतो, /व्हार/लॉग/जर्नल मध्ये. घाईत असलेले चोर ऑथ.लॉग पुसतात आणि जर्नल तसंच सोडून जातात, कारण त्यांची स्क्रिप्ट जुन्या काळची असते. 'जर्नलसीटीएल' कमांडला एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) युनिट आणि तारीख देऊन बघा. आणि शून्य बाइटवर लगेच चोरीचा शिक्का मारू नका. लॉगरोटेट (जुनी फाइल बाजूला सारून नवी उघडणारा प्रोग्राम) चालू असताना डिस्क भरली तरी नवी फाइल शून्याची होऊन बसते. शेजारची ऑथ.लॉग.१ आहे का, तिची वेळ काय, हे पाहा.

आता पाया. सिसलॉग, म्हणजे लॉग पाठवायची युनिक्सची जुनी पद्धत, जन्मला बर्कलीच्या विद्यापीठात, १९८० च्या दशकात. एरिक ऑलमन सेंडमेल हा मेल पोचवणारा प्रोग्राम लिहीत होते, त्यांना मेलच्या नोंदींसाठी काहीतरी हवं होतं. इतर प्रोग्रामवाल्यांना ते आवडलं आणि बीएसडी युनिक्सबरोबर ते सगळीकडे पसरलं. नियम मात्र कोणी लिहिलेच नाहीत. आरएफसी (इंटरनेटच्या पद्धतींचा क्रमांकित दस्तऐवज) ३१६४ आली ती थेट २००१ साली, आणि तीही मानक म्हणून नाही. 'बाहेर जे चाललंय ते असं दिसतं' एवढीच तिची भूमिका. खरं मानक म्हणजे २००९ ची आरएफसी ५४२४. म्हणून तुमच्या राउटरने काहीही विचित्र पाठवलं तरी तो नियम मोडतोय असं छातीठोक म्हणता येत नाही.

मेसेजच्या सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा असतो. तो फॅसिलिटी (नोंद कोणत्या विभागाची) गुणिले ८ अधिक सिव्हिरिटी (ती किती गंभीर). ऑथची फॅसिलिटी ४ आणि इन्फोची पातळी ६, म्हणजे ३८. तुमच्या डेबियनवर कोणी एसएसएचने आत आलं की तारेवरून <३८> जाणार. सेंटओएसवर एसएसएचडी ऑथप्रिव्ह वापरतो, तिची फॅसिलिटी १०, म्हणून तिथून <८६>. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून सिसलॉगच्या ५१४ पोर्टवर कान द्या, हे आकडे उघड्या डोळ्यांनी दिसतात. दिसतात म्हणजे तुमच्यासारखेच दुसऱ्यालाही दिसतात, तेही लक्षात असू द्या.

रातपाळी (मंगळ, १३:३५)

मूळपुरुष, साष्टांग! जर्नल जिवंत आहे. ऑथ.लॉग.१ पण आहे आणि डिस्क अर्धी रिकामी, म्हणजे फाइल पुसलीच होती. जर्नलमध्ये पहाटे २ च्या सुमाराला 'ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर' आणि पुढे बॅकअपसाठी काढलेल्या खात्याचं नाव. त्याआधी तासभर 'फेल्ड पासवर्ड' ची रांगच रांग. पासवर्ड काय असेल ते विचारू नका, खातं आधीच्या कंत्राटदाराने काढलेलं आहे.

आकड्यांचं गणित कळलं. मग मी फक्त वॉर्निंग आणि त्यावरचं पाठवलं तर लिंकवरचा भारही कमी होईल ना? शाखांचं नेट यथातथाच आहे.

मूळपुरुष (मंगळ, १३:५०)

अजिबात नको. '*.वॉर्निंग' म्हणजे वॉर्निंग आणि तिच्याहून गंभीर. पातळ्या उलट्या मोजतात, ० म्हणजे इमर्जन्सी, ७ म्हणजे डीबग. तुम्हाला सापडलेली 'ॲक्सेप्टेड पासवर्ड' ची ओळ इन्फो आहे. यंत्राच्या लेखी ते सगळं सुरळीत चाललंय, पासवर्ड बरोबर होता, माणूस आत गेला. वॉर्निंगची चाळणी लावलीत तर नेमकी चोराची एंट्रीच खाली पडेल. ऑथ आणि ऑथप्रिव्ह पूर्ण पाठवा. काटकसर करायचीच तर मेल आणि डीबगवर करा.

गवती चहा (मंगळ, १६:०५)

मी यूडीपीच्या बाजूने बोलणार आहे, तळमजला यांनी नमस्कार तयार ठेवावा.

आमच्याकडे (कुठे ते सोडा) झालेला प्रकार. सगळी मशीन टीसीपीवर, लॉग गोळा करणारं मशीन एक. त्याची डिस्क बदलायला ते दुपारी बंद केलं. लॉगच आहेत, तासाभराने काय फरक पडतो, असा हिशोब. थोड्या वेळाने पहिला फोन आला की एसएसएच लागत नाही. पासवर्ड घेतो आणि थांबतो. मग सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) अडकलं. मग क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) जॉबची रास. मशीनवर लोड नाही, मेमरी मोकळी, नेटवर्क ठणठणीत, आणि तरी काहीच हलेना. आधीपासून उघड्या असलेल्या एका टर्मिनलवरून एसट्रेस (प्रोसेस काय करतेय ते दाखवणारं साधन) लावला तेव्हा दिसलं, प्रत्येक प्रोसेस /डेव्ह/लॉग (प्रोग्राम आपल्या नोंदी टाकतात तो सॉकेट) मध्ये एक ओळ लिहायला गेली होती आणि तिथेच उभी होती.

कारण असं. आरसिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये 'ॲक्शनरिझ्यूमरिट्रायकाउंट -१' होतं, म्हणजे समोरचा मिळेपर्यंत अनंत काळ प्रयत्न. पण त्या ॲक्शनला (पुढे पाठवायच्या कामाला) स्वतःची क्यू (थांबलेल्या मेसेजची रांग) नव्हती. समोरचा गप्प झाल्यावर मुख्य क्यू तुंबली, मग आरसिसलॉगने /डेव्ह/लॉग वाचणं थांबवलं, मग सॉकेट भरला, आणि सिसलॉग() बोलावणारा प्रत्येक प्रोग्राम जागच्या जागी थिजला. लॉग ठेवणारं मशीन बंद पडलं म्हणून काम करणारी मशीन बंद. यूडीपी असतं तर तासाभराच्या नोंदी गेल्या असत्या आणि बाकी कोणाला पत्ताही लागला नसता.

रातपाळी, तुमची सेंटओएस कितवी?

तळमजला (मंगळ, १६:४०)

हा टीसीपीचा दोष नाही, कॉन्फिगचा आहे.

गवती चहा (मंगळ, १६:५२)

मान्य. पण ते कॉन्फिग येतं कुठून बघा. रेड हॅटच्या (सेंटओएस त्याच्यावरूनच बनतं) ६ आणि ७ मधल्या आरसिसलॉग.कॉन्फच्या तळाशी फॉरवर्डिंगचा एक तुकडा # लावून तयार दिलेला असतो. त्यात क्यूचं फाइलनेम, १ जीबीची डिस्क मर्यादा, सेव्हऑनशटडाउन, लिंक्डलिस्ट, मग रिट्राय -१, आणि सगळ्यात खाली @@ ची ओळ. लोक काय करतात? खालच्या दोन ओळींचा # काढतात. वरच्या चार ओळी 'जास्तीच्या' वाटतात, आणि नेमक्या त्याच मशीनला वाचवणाऱ्या आहेत.

रातपाळी (मंगळ, १७:१५)

सेंटओएस ६. दोन्ही. आणि हो, ती @@ ची ओळ मी सकाळीच उघडून ठेवली होती, अजून रीस्टार्ट दिला नव्हता. आता हात थांबवला.

काळा पडदा (मंगळ, १९:३०)

गवती चहा यांचं बरोबर, त्यात एक पाचर माझी. सिस्टिमडी (नव्या लिनक्समध्ये सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम, जर्नलडी त्याचाच भाग) असलेल्या मशीनवर /डेव्ह/लॉग आरसिसलॉगच्या हातात नसतो, जर्नलडीच्या हातात असतो. जर्नलडी पुढे थांबून राहत नाही. पलीकडचा घेत नसेल तर मेसेज सोडून देतो आणि 'फॉरवर्डिंग टू सिसलॉग मिस्ड' इतके मेसेज अशी कबुली लिहून ठेवतो. त्यामुळे डेबियन ११ वर मशीन थिजण्याचा धोका फार कमी, नोंदी गळण्याचा आहे. सेंटओएस ६ मध्ये सिस्टिमडीच नाही, तिथे वरची कथा जशीच्या तशी घडू शकते.

दुसरं, टीसीपी म्हणजे हमी हा समज काढून टाका. आरसिसलॉगने राइट() केलं आणि कर्नलने 'घेतलं' म्हटलं, याचा अर्थ मेसेज आपल्याच मशीनच्या बफरमध्ये गेला एवढाच. कुरिअरवाला पार्सल वॉचमनकडे टेकवून 'डिलिव्हर्ड' लिहितो, तसं. नेमक्या त्या क्षणी समोरचं मशीन मेलं तर बफरातल्या नोंदी गेल्या, आणि आरसिसलॉग समजतो की पोचल्या. साध्या टीसीपी सिसलॉगमध्ये 'मिळालं' असं उलट सांगायची सोयच नाही. आरसिसलॉग लिहिणारे राइनर गेरहार्ड्स यांनी त्यासाठीच रेल्प नावाचा वेगळा प्रोटोकॉल काढला. त्यात समोरचा प्रत्येक मेसेजची पोच देतो, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतात. तरी क्वचित एक ओळ दोनदा येते. ते चालतं.

बोरकूट (मंगळ, १९:४४)

म्हणजे यूडीपी गळतं, टीसीपी गळतं आणि अडवतंही? छान. मग गावाने करायचं काय?

मूळपुरुष (मंगळ, २१:१०)

गावाने आधी ठरवायचं की कोणत्या मशीनवर काय गमावणं परवडतं. पतसंस्थेचं मुख्य सर्व्हर अडकून काउंटरवर रांग लागणं परवडत नाही. तिथे लॉग गळाले तर वाईट, पण शाखा बंद पडणं त्याहून वाईट. काही ठिकाणी उलटंही असतं, नोंद होत नसेल तर व्यवहारच होऊ नये अशी अट असते. पण तसं लेखी कोणी मागितलंय का? नसेल तर मशीन जिवंत राहणं पहिलं.

त्यावरून: डेबियनवर रेल्प, ॲक्शनला स्वतःची क्यू. क्यू.टाइप लिंक्डलिस्ट, क्यू.फाइलनेम (हे दिल्याशिवाय डिस्कचा आधार मिळत नाही, फक्त मेमरी), क्यू.मॅक्सडिस्कस्पेस तुमच्या /व्हार मध्ये जेवढी जागा सोडता येईल तेवढी, क्यू.सेव्हऑनशटडाउन ऑन. आणि एक गोष्ट लोक विसरतात, क्यू.टाइमआउटएन्क्यू. क्यू काठोकाठ भरल्यावर नव्या मेसेजसाठी किती थांबायचं ते यात असतं, मुळात २००० मिलिसेकंद. प्रत्येक मेसेजला दोन सेकंद म्हणजे मशीन थिजल्यासारखंच. तिथे ० द्या, जागा नसेल तर मेसेज सोडून देऊन पुढे जाईल.

सेंटओएस ६ वर: त्या तुकड्यातल्या सगळ्या ओळी उघडा, किंवा सरळ एक @ ठेवा. मी असतो तर एक @ ठेवला असता. ज्या मशीनला कोणी हात लावायला धजत नाही त्यावर शौर्य दाखवू नये.

राउटरला बहुतेक यूडीपीशिवाय पर्याय नसेल. फ्रीबीएसडीचा स्वतःचा सिसलॉगडी एक @ वाला, तो पुरे. त्याच्या कॉन्फिगमध्ये मी जुन्या सवयीने टॅबच देतो. एके काळी स्पेस दिली की ओळ गुपचूप दुर्लक्षित व्हायची.

तळमजला (मंगळ, २१:३८)

शाखांतून येणारं उघड्या इंटरनेटवरून येणार असेल तर टीएलएस (एनक्रिप्शन), पोर्ट ६५१४. हे तरी सगळ्यांना मान्य असावं.

गवती चहा (मंगळ, २१:४०)

हे मान्य. नमस्कार परत घेतला.

काळा पडदा (बुध, ०७:५०)

घेणाऱ्या मशीनबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून.

एक, फाइली कोणत्या नावाने ठेवायच्या? बरेच जण मेसेजमधल्या होस्टनेमवरून फोल्डर करतात. ते होस्टनेम पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं, तो काहीही लिहू शकतो. पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं तो घ्या, आरसिसलॉगमध्ये 'फ्रॉमहोस्ट-आयपी'. यूडीपीत तोही खोटा असू शकतो, पण निदान फायरवॉलवर अंकुश ठेवता येतो.

दोन, त्या मशीनवर बाकी मशीनचे पासवर्ड, एसएसएच-की, एलडॅप (सगळ्यांची खाती एकत्र ठेवणारी सेवा) काहीही चालता कामा नये. तुमचं ते बॅकअपचं खातं तिथेही असेल तर चोर चार पावलं पुढे जाऊन तिथलेही लॉग पुसेल आणि एवढा खटाटोप पाण्यात.

मूळपुरुष (बुध, ०९:१५)

+१. अवांतर: लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ साली हिशोबात ७५ सेंटचा फरक आला म्हणून क्लिफर्ड स्टॉल शोधायला बसले आणि तो घुसखोर थेट जर्मनीत निघाला. त्यांनी येणाऱ्या लाइनींवर प्रिंटर जोडले होते, चोर टाइप करेल ते इकडे कागदावर उमटायचं. कागदावर छापलेलं दूर बसून पुसता येत नाही. पुढेही बरेच जण गंभीर मेसेज लाइन प्रिंटरला पाठवायचे ते याचसाठी. खोलीत रात्री-बेरात्री प्रिंटर कडकडला की पोटात गोळा यायचा. अवांतर समाप्त.

रातपाळी (बुध, १५:२०)

मंडळी, लागलो कामाला. लॉगहोस्ट उभा केला, डेबियनची पाच मशीन रेल्पवर, सेंटओएस एक @ वर, राउटर यूडीपी. 'लॉगर' कमांडने चाचणीच्या ओळी सोडल्या, येतायत.

पण फायरवॉलच्या नोंदी आणि वेब सर्व्हरच्या नोंदी जुळत नाहीत. चोरी पहाटे २ ची, आणि फायरवॉलवर त्या वेळी शुकशुकाट. त्याच पत्त्याची वर्दळ फायरवॉलवर आदल्या तारखेला रात्री साडेआठला दिसते. हे दोन वेगळे प्रकार आहेत का?

गवती चहा (बुध, १५:२६)

साडेपाच तास! फायरवॉल यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. पहाटेचे २ म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे २०:३०.

मूळपुरुष (बुध, १५:४५)

हेच लिहायला आलो होतो. जुन्या साच्यातल्या वेळेत महिना, तारीख, तास-मिनिट-सेकंद एवढंच असतं. वर्ष नाही, टाइमझोन नाही. १ जानेवारीला ३१ डिसेंबरचे लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्ट दरवर्षी गोंधळतात ते त्यामुळेच. आरसिसलॉगलाही सांगितलं नाही तर तो @ किंवा @@ ने फॉरवर्ड करताना हाच जुना साचा वापरतो. टेम्प्लेट बदलून 'आरसिसलॉग_फॉरवर्डफॉरमॅट' करा, मग वेळेला वर्ष आणि +०५:३० दोन्ही लागतं.

घड्याळाचं ऑडिटरलाही दाखवावं लागेल. सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) जे निर्देश आहेत ना, २८ एप्रिल २०२२ चे, त्यात १८० दिवसांचे लॉग हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच कागदात घड्याळं एनआयसी (केंद्र सरकारचं माहिती-तंत्र केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवा असंही आहे. आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. रातपाळी, तुमची घटना पंधरवड्यापूर्वीची. संचालक मंडळाने कळवलंय का, हे आजच विचारा. धाग्यावर उत्तर देऊ नका.

रातपाळी (बुध, १८:०५)

विचारलं. पुढचं धाग्यावर नाही.

फायरवॉलचा झोन आता आयएसटी केला, एनटीपी लावलं. रात्री लॉगहोस्टची केबल अर्धा तास उपटून ठेवणार आहे. सगळ्या मशीनवर लॉगिन, सुडो, क्रॉन चालतंय का बघतो.

रातपाळी (गुरु, ००:५५)

केबल उपटली. डेबियनवर काहीही जाणवलं नाही, क्यूच्या फाइली डिस्कवर वाढत गेल्या, केबल लावल्यावर मिनिटभरात सगळं पलीकडे. सेंटओएसच्या अर्ध्या तासाच्या नोंदी गेल्या, लॉगिन मात्र एकदाही अडकलं नाही.

एक बारीक भानगड उरली. आमच्या कर्जाच्या ॲपच्या ओळी मध्येच तुटतात, आणि तुटतात तिथे चौकोन दिसतो. शिवाय जागोजागी #०१२ असं काहीतरी.

काळा पडदा (गुरु, ०८:२०)

#०१२ म्हणजे नवी ओळ. ॲपने दहा ओळींचा एरर एका मेसेजमध्ये पाठवला की आरसिसलॉग मधले एंटर असे लिहितो. मुद्दाम करतो, नाहीतर मेसेजमध्ये एंटर घुसवून कोणीही खोटी ओळ तयार करेल. राहू द्या.

तुटण्याचं म्हणाल तर ॲपच्या सिसलॉग लायब्ररीत जुनी १०२४ बाइटांची मर्यादा असणार. ओळी मराठीत आहेत का? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ३४१ चिन्हांत कोटा संपतो, आणि कात्री चिन्हाच्या मधोमध बसली की चौकोन.

रातपाळी (गुरु, ०८:४१)

हो, मराठीच. खातेदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि जामीनदारांची नावं येतात.

गवती चहा (गुरु, ०८:४४)

मग मर्यादा वाढवायच्या फंदात पडू नका. ॲपवाल्याला सांगा की लॉगमध्ये फक्त खाते क्रमांक टाक. हे सगळं आता लॉगहोस्टवर १८० दिवस पडून राहणार आहे, आणि राउटरवरून येणारं अजून उघडंच आहे.

बोरकूट (गुरु, ०९:०२)

रातपाळी, कॉन्फिग पत्ते पुसून इथे डकवा की. आमच्याकडेही सेंटओएस ६ आहे, आणि मी आत्ताच बघितलं, खालच्या दोनच ओळी उघड्या आहेत.